फोटो काढायला नक्की कोण येणार, ते आधी विचारा

प्रश्न: ताई, मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर ठरलंय, इंदूरमध्येच, बायपासकडच्या एका मॅरेज गार्डनमध्ये. मुलाकडची मंडळी पुण्याची. तीन फोटोग्राफर बघितले, एक 70 हजार म्हणतो, एक सव्वा लाख, एक पावणेदोन लाख, आणि इन्स्टाग्रामवर तिघांचंही काम छानच दिसतं. ह्यांच्या ऑफिसातल्या एकांकडे लग्नात भलतीच मुलं कॅमेरा घेऊन आली आणि वर्ष झालं तरी अल्बम नाही, तेव्हापासून भीतीच बसलीय. भरवशाचा माणूस ओळखायचा कसा?
– एक आई, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: काकू, तुमची भीती अगदी रास्त आहे, बाकी कुठलीही गोष्ट बिघडली तर पैसे टाकून सुधारता येते, मुहूर्त काही परत येत नाही. पण भरवसा किमतीवरून ठरवू नका आणि इन्स्टावरूनही नाही, तिथे वर्षभराच्या कामातले निवडक फोटो असतात, त्यातले बरेच प्री-वेडिंगचे, म्हणजे सावकाश, छान उजेडात काढलेले. तिघांनाही सांगा की आम्हाला एकाच लग्नाची पूर्ण गॅलरी बघायचीय, पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत, आणि ते लग्न रात्रीचं, गार्डनमधलं असेल तर उत्तम. आपल्याकडे लॉनवर निळे-जांभळे एलईडी, स्टेजवर पिवळा हॅलोजन, त्यात चेहऱ्यांचा रंग पार बिघडतो, आणि तिथेच कळतं कोणाला लाइट लावता येतो. फोटो दुसऱ्याचे असल्याची शंका आली तर गूगल लेन्सवर टाकून बघा, मुलगी दोन मिनिटांत करून देईल.

मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. देवउठनी ग्यारस झाली की चांगल्या तारखांना इंदूरमध्ये एकेका दिवशी किती लग्नं असतात ते तुम्हाला माहीतच आहे, आणि मोठा स्टुडिओ एकाच तारखेची तीन-चार लग्नं घेतो, मग बाहेरची मुलं रोजावर बोलावतो. त्यातली काही खूप चांगलं काम करतात, माझा त्यांच्यावर राग नाही, पण तुम्ही काम एकाचं बघितलं आणि आला दुसराच, हे होता कामा नये. म्हणून स्पष्ट विचारा, आमच्या लग्नात कॅमेरा कोणाच्या हातात असणार? त्याचं नाव पावतीवर लिहून घ्या, त्याचंच काम बघा आणि त्याला एकदा प्रत्यक्ष भेटा. तो आजारी पडला तर कोण येणार, हेही विचारा. इथे जो गोलगोल बोलतो, 'टीम येईल, टेन्शन नका घेऊ' म्हणतो, त्याला मी तरी अॅडव्हान्स देणार नाही.

आता आपल्या लग्नाचं. इथल्या बहुतेक फोटोग्राफरांची सवय बारात आणि वरमालेची, ती वरमाला स्टेजवर आरामात चालते, हवं तर पुन्हा हार घालून दाखवतात. आपल्याकडे 'सावधान' म्हटलं, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, हार घातले की संपलं, काही सेकंदांचा खेळ, आणि तेवढ्यात अर्धा मंडप मोबाइल वर करून उभा. शिवाय अंतरपाट धरलेला असताना एका बाजूने एकच चेहरा दिसतो, म्हणून तिथे दोन कॅमेरे लागतातच, एक मुलीकडे, एक मुलाकडे, पॅकेजमध्ये दुसरा फोटोग्राफर नसेल तर ड्रोन-बिन काढून टाका पण हा घ्या. गौरीहराशी बसलेली मुलगी, मामा तिला घेऊन येतो तो क्षण, लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी, झाल, हे सगळं क्रमाने कागदावर लिहून त्याला द्या, वेळेसकट, आणि जमलं तर गुरुजींशी त्याचं फोनवर बोलणं करून द्या. तो मराठीच पाहिजे असं अजिबात नाही. पण पहिल्याच भेटीत ज्याने स्वतःहून विचारलं की मुहूर्त किती वाजताचा आणि अंतरपाटाच्या वेळी मी कुठे उभा राहू, तो माणूस मनापासून काम करणारा आहे असं समजा. पूर्ण गॅलरी बघताना हेही बघा की तो विधी चालू असताना होमाला पाठ लावून, पाहुण्यांच्या समोर उभा राहतो की बाजूने काढतो. मुलगी तयार होतानाचे फोटो हवे असतील तर त्यासाठी टीममध्ये एखादी मुलगी आहे का, तेही विचारा, मुली मोकळ्या राहतात.

फोटो सांभाळतो कसा, हे तर फार कमी लोक विचारतात. चांगल्या कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतात आणि तसं सेटिंग ठेवलं तर प्रत्येक फोटो दोन्हीवर एकदमच उतरतो, एक कार्ड खराब झालं तरी दुसऱ्यावर असतोच. स्वस्त कॅमेऱ्यात एकच कार्ड असतं. त्याला विचारा की तुझा कॅमेरा कुठला, आणि लग्नाच्या रात्री डेटा किती ठिकाणी कॉपी करतोस? दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड रिकामं करत नाही, असं उत्तर आलं तर निश्चिंत व्हा. तुम्हीही अल्बमची वाट न बघता आठवडा-दोन आठवड्यांत स्वतःची हार्ड डिस्क नेऊन सगळे फोटो उतरवून आणा.

कागदावर काय पाहिजे तर तारीख, कुठले कुठले कार्यक्रम, किती तास, करिज्मा अल्बमची (जाड पानांवरच फोटो छापलेला तो) शीट, म्हणजे पानं, किती आणि जास्तीच्या शीटचे पैसे किती, व्हिडिओ किती मिनिटांचा, बदल किती वेळा करून देणार, आणि सगळं कधी मिळणार. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा पाचवा हिस्सा तरी अल्बम हातात आल्यावरच. आणि त्याच्या जुन्या दोन घरी फोन करा, फोटो कसे आले विचारू नका, अल्बम कधी आला ते विचारा. ह्या सगळ्यात 70 हजारवाला पास झाला तर बिनधास्त त्यालाच द्या.

तुमच्या बाजूने एक करा, पुण्याची, नागपूरची, देवासची मंडळी येणार, फोटोग्राफरला आत्या कोण आणि मावशी कोण कळणार नाही, तेव्हा सगळ्यांना ओळखणारा एखादा भाचा त्याच्याबरोबर उभा करा. आजी-आजोबांचे फोटो त्यांची दमणूक व्हायच्या आत उरकून घ्या. आणि टीमला पंगतीत वेळेवर जेवायला बसवा, सकाळपासून उभी असतात ती मुलं.

प्रश्न: ताई, लग्नाला 10 महिने झाले, 80 टक्के पैसे देऊन झालेत, आता फोटोग्राफर म्हणतो उरलेले द्या मगच फोटो. वर आमचे फोटो न विचारता स्वतःच्या पेजवर टाकलेत. काही करता येईल?
– एक नववधू, टिळक नगर, इंदूर

उत्तर: येईल, नक्की येईल. आधी तुमच्यात काय लिहून ठरलं होतं ते काढ, व्हॉट्सअॅपचे मेसेज चालतील, आणि 15 दिवसांची मुदत देऊन त्याला लेखी कळव. नाही ऐकलं तर 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाक, तिथेच बरीच प्रकरणं मिटतात. तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, 2019 च्या कायद्याप्रमाणे तू राहतेस तिथेच तक्रार करता येते, पॅकेज 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही, फक्त दोन वर्षांच्या आत कर.

पेजवरच्या फोटोंबद्दल तुझी बाजू भक्कम आहे. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17 प्रमाणे पैसे देऊन फोटो किंवा फिल्म काढून घेतली, तर वेगळा करार नसताना हक्क काढून घेणाऱ्याचा असतो, फोटोग्राफरचा नाही. ऑर्डर बाबांच्या नावाने असेल तर पत्रही त्यांच्याच सहीने पाठव. मात्र त्याच्या बुकिंग फॉर्मवर मागे बारीक अक्षरात 'प्रसिद्धीसाठी वापरू' असं काही आहे का, ते आधी वाच.

प्रश्न: लग्न एअरपोर्ट रोडच्या गार्डनमध्ये आहे, फोटोग्राफर म्हणतो ड्रोन फ्री देतो. घ्यावा का?
– एक वरपिता, इंदूर

उत्तर: विमानतळाच्या इतक्या जवळ परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, ड्रोन नियम 2021 मध्ये तसं स्पष्ट आहे, आणि कुठला भाग कुठल्या झोनमध्ये येतो ते सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर दिसतं. फोटोग्राफरला परवानगीचा कागद दाखवायला सांगा. नसेल तर ड्रोनच्या ऐवजी अल्बमची चार शीट वाढवून मागा.