जुनी यादी आणि नवी संमती

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाचं ई-वार्तापत्र दरमहा जातं. त्यात कार्यक्रमांची तिकिटं असतात, प्रायोजकांच्या जाहिराती असतात. यादीत सात-आठ वर्षांपूर्वीचेही पत्ते आहेत. 'वार्तापत्र हवं का?' असं सगळ्यांना एकदा ईमेलनं विचारलं की कायद्यातून सुटलो ना?
– एक कार्यकर्ती, मिसिसागा (कॅनडा)

उत्तर : नाही. कॅनडाचा स्पॅमविरोधी कायदा १ जुलै २०१४ पासून लागू आहे आणि त्यात संमती मागणारी ईमेलसुद्धा व्यावसायिक संदेश धरली जाते. संमती नसलेल्याला ती पाठवली तर तेच उल्लंघन. म्हणून आधी यादी चाळा. चालू सभासद आणि सभासदत्व संपून २ वर्षं न झालेले, यांची संमती गृहीत धरता येते. तिकीट घेतलेल्यांची खरेदीपासून २ वर्षं, नुसती चौकशी केलेल्यांची ६ महिने. एवढ्यांनाच विचारा, मुदतीच्या आतच विचारा. बाकीचे पत्ते काढा. जिवावर येईल, पण गणेशोत्सवात प्रवेशाच्या टेबलावर तारीख-सहीचा कागद ठेवलात तर त्यातले बरेच परत मिळतील. तो कागद मात्र जपा, कारण संमती होती हे सिद्ध करायची जबाबदारी पाठवणाऱ्याची. संस्थेला दंड १ कोटी डॉलरपर्यंत होऊ शकतो.

फॉर्मवरच्या चौकटीत आधीच टिक केलेली चालत नाही. प्रत्येक अंकाखाली मंडळाचं नाव आणि टपालाचा पत्ता हवा. कार्यालय नसेल तर पोस्ट बॉक्स चालतो. नाव काढण्याची लिंक निदान ६० दिवस चालू राहावी आणि विनंती आल्यावर कामाच्या १० दिवसांत नाव निघावं.

प्रश्न : नव्या नोंदणीनंतर आम्ही खात्रीची लिंक पाठवतो. काही जण म्हणतात, 'आम्ही ती उघडलीच नाही', तरी यादीत ते पक्के झालेले दिसतात. असं कसं?

उत्तर : बहुतेक त्यांच्या ऑफिसच्या मेल सर्व्हरचा प्रताप. ईमेलमधल्या लिंका सुरक्षित आहेत का हे तपासायला काही यंत्रणा त्या स्वतःच उघडून बघतात. लिंक उघडताच नाव पक्कं होत असेल, तर यंत्रानं दिलेली संमती तुम्ही माणसाच्या नावावर लिहिता. लिंकनं फक्त पान उघडावं. नाव पक्कं व्हावं ते त्या पानावरचं बटण दाबल्यावर. बटण दाबल्याची वेळ, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा ओळखक्रमांक) आणि त्या दिवशी फॉर्मवर असलेला मजकूर, तिन्ही साठवा. खात्रीच्या ईमेलमध्ये प्रायोजकाची जाहिरात घुसवू नका. आणि उत्तर आलं नाही तर एखादी आठवण पुरे. नंतर पत्ता पुसून टाका.