खुब्याचं दुखणं लपवून मेडिक्लेम घ्यायचा?

देवगडच्या एका आंबा बागायतदारांचं पत्र आलंय. पत्नीचं वय ४४, उजवा खुबा झिजलाय. मुंबईच्या सर्जननी रिसरफेसिंग (पूर्ण सांधा न बदलता झिजलेल्या हाडावर टोपी बसवणं) सुचवलंय, खर्च पाच लाख, ‘आयुष्यभराची चिंता मिटेल’. सहा लाखांची एफडी मोडू की दागिने गहाण ठेवू, असा प्रश्न आहे. शेवटी जाता जाता लिहिलंय: ‘एजंट म्हणतो, आत्ता मेडिक्लेम घ्या, फॉर्मवर खुब्याचं लिहू नका, तीन महिन्यांनी ऑपरेशन करा.’

दागिने नकोत, मोडायची तर एफडीच. पाच लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला ३५ हजार मिळतात. सोनेतारणाला साडेनऊ टक्क्यांनी साडेसत्तेचाळीस हजार जातील.

आता तो एजंट. क्लेम आला की कंपनी केसपेपर मागवते, आणि त्यात पहिल्याच ओळीत ‘दोन वर्षांपासून दुखणं’ असं डॉक्टरांनी लिहिलेलं असतं. क्लेम नाकारतील, पॉलिसीही रद्द होईल, पुढच्या प्रत्येक फॉर्मवर ते सांगावं लागेल. एजंटचं कमिशन मात्र तोवर खिशात! शिवाय खरं लिहिलं तरी जुन्या दुखण्याला आणि सांधेबदलाला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतंच. म्हणजे हे ऑपरेशन कुठल्याही वाटेने मेडिक्लेममध्ये बसत नाही. सही झाली असेल आणि पॉलिसी हातात येऊन ३० दिवस झाले नसतील, तर लेखी कळवून परत करा. मग खुब्याची नोंद करून दोघांसाठी नवी घ्या. हृदय, कॅन्सर, अपघात यांसाठी ती लागणारच आहे.

आणि ‘आयुष्यभर’ या शब्दावर पाच लाख लावू नका. ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेचा २०१४चा निकष असा: दहा वर्षांत शंभरातल्या पाचांहून अधिक जणांना पुन्हा ऑपरेशन लागत असेल, तर तो सांधा वापरू नये. रिसरफेसिंगमध्ये सहसा मांडीच्या हाडाच्या गोळ्यावर धातूची टोपी, समोर धातूचीच वाटी. घर्षणाने कोबाल्ट-क्रोमियमचे कण सुटतात. बायकांचा गोळा लहान, त्यामुळे त्यांच्यात हे जास्त वेळा फसतं. एका नावाजलेल्या ब्रँडच्या कंपनीने २०१५मध्ये आपला असा सांधा स्त्रियांसाठी वापरूच नका असं कळवलं. वहिनींपुढे अजून पस्तीस-चाळीस वर्षं आहेत.

तेव्हा सर्जनना विचारा: कोणत्या ब्रँडचा सांधा, दहा वर्षांत त्यातल्या शंभरात किती जणांना पुन्हा ऑपरेशन लागलं, आणि पूर्ण सांधेबदल का नको? दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या. त्याला दोन-तीन हजार लागतील. एफडी त्यानंतर मोडा.