बोर्डिंगच्या वांड पोरांपुढे नवीन हेडमास्तरनं सुरुवात कशी करावी?

प्रश्न असा आहे की मुलांच्या निवासी शाळेत पहिल्यांदाच मुख्याध्यापक म्हणून जॉईन होतोय, पोरं कुणाला जुमानत नाहीत, आधीचे दोन सर वर्षाच्या आत निघून गेले, तर काय करावं. मी 2011 च्या जूनमध्ये अगदी ह्याच जागी होतो. आता रिटायर झालोय त्यामुळे लाज सोडून लिहितो. कसं करावं ते मला धड सांगता येईल असं नाही, पण कसं करू नये ह्यात माझा हात कुणी धरणार नाही.

शाळा सातारा जिल्ह्यातली, नाव राहू दे. पाचवी ते दहावी, सव्वादोनशे पोरं. मी त्याआधी वीस वर्षं गणित-विज्ञान शिकवलेलं पण साध्या शाळेत, जिथं पाच वाजले की पोरं घरी. बोर्डिंगची पोरं घरी जातच नाहीत हो, पाच वाजता त्यांची खरी शाळा सुरू होते, हे मला जॉईन झाल्यावर कळलं.

पहिल्या दिवशी मी भाषण ठोकलं. साताऱ्याकडं अशी भाषणं कर्मवीर अण्णांशिवाय, म्हणजे भाऊराव पाटलांशिवाय, होत नाहीत, त्यांनी 1919 साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र सुद्धा मोडलं, मी चाळीस मिनिटं बोललो आणि स्वतःच गहिवरलो. मागून आवाज आला, "सर, आमच्या आमटीत डाळ पण नाय." सगळे हसले. मी म्हटलं कोण तो उभा रहा. झालं, तिथंच चुकलो, कारण सव्वादोनशे पोरं उभी राहिली.

आता टोलचं सांगतो. आमच्याकडं घंटा म्हणजे रेल्वे रुळाचा फूटभर तुकडा, आंब्याला साखळीनं टांगलेला. उठणं, प्रार्थना, जेवण, तास, झोप सगळं त्या टोलवर. दुसऱ्याच आठवड्यात पहाटे टोल पडला, मी भारनियमनाच्या अंधारात बंबात पाणी तापवायची वाट न बघता गार पाण्यानं आंघोळ केली, कोट चढवला आणि ग्राउंडवर प्रार्थनेला जाऊन ताठ उभा राहिलो. बराच वेळ कुणी येईना. मग शिपाई मामा कांबळं पांघरून आले आणि म्हणाले, "सर, अडीच वाजल्यात." वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांमधून शंभरएक डोकी बघत होती.

मी चिडून हातोडा ऑफिसात कुलपात ठेवला. तर त्यांनी टोलच नेला.

साधा रूळ मीटरला 52 किलो असतो, म्हणजे फुटाचा तुकडा पंधरा-सोळा किलो, म्हणजे दोघं तरी पाहिजेत, असं गणित मांडून मी चौकशी बसवली. अकरा दिवस. एकेकाला ऑफिसात बोलवायचं आणि दरडावायचं. एकदा टेबलावर पट्टी आपटली तर सातवीतलं एवढंसं पोरगं शांतपणे म्हणालं, "सर, कलम 17." आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा 2010 च्या एप्रिलपासून लागू झाला होता, त्यात मारायला बंदी आणि मानसिक छळालाही बंदी, हे स्टाफरूममधल्या निम्म्यांना माहीत नव्हतं पण त्याला कलमासकट पाठ. (माझं त्या कलमाशी अजिबात भांडण नाही, मार खाऊन सुधारलेलं पोरगं मी तरी बघितलं नाही.) बाकी ज्याला ज्याला बोलवलं तो बाहेर गेला की हिरो व्हायचा. नाव एकानंही सांगितलं नाही. बोर्डिंगात चुगलीखोराला पुढची पाच वर्षं त्याच खोलीत झोपायचं असतं, ते तो का सांगेल?

बाराव्या दिवशी मी कंटाळलो. स्टाफला म्हटलं नसू दे टोल, आपापल्या घड्याळावर तास घ्या. ही युक्ती होती असं मी नंतर बऱ्याच ठिकाणी सांगितलंय पण खरं सांगतो, नुसता वैताग होता. झालं काय, आमचे मराठीचे सर मुळात थांबणारे नाहीत, टोल नाही म्हटल्यावर त्यांनी व्याकरणाचा तास पावणेदोन तास घेतला. जेवणाची वेळ कुणाला कळेना, पोळ्या गार. मधली सुट्टी एका वर्गाची झाली आणि दुसऱ्याची झालीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी टोल आंब्याला लटकत होता. त्यावर मातीऐवजी काजळी होती. मी घरी येऊन बंबाजवळचा जळणाचा ढीग बघितला, मधे बरोबर तेवढी खाच. चौकशीचे अकराही दिवस चोराचा माल माझ्याच न्हाणीत होता, आणि आमची ही म्हणते कशी, "मला वाटलं शाळेचं काहीतरी सामान आहे."

तेव्हापासून कुणी केलं हे विचारणं सोडलं. त्याऐवजी पहिल्या दिवशीचा आवाज आठवला आणि काटा घेऊन कोठीत उभा राहिलो. पोषण आहाराचा हिशोब सहावी ते आठवीला डोई 30 ग्रॅम डाळ. तोच सगळ्यांना धरला तरी एका वेळेला पावणेसात किलो पाहिजे. पातेल्यात पडत होती तीन किलो. रजिस्टरला मात्र सात. उरलेली कुठं जायची ते इथं लिहीत नाही, पण पोरांना ते माझ्या आधी दोन वर्षं माहीत होतं आणि तरी शिस्तीचं भाषण त्यांनीच ऐकायचं, मग जुमानतील कशाला. रोज सकाळी दोन पोरांसमोर डाळ मोजायला लावली, सही त्यांचीच. दंगा बंद झाला असं समजू नका, कमी झाला.

अण्णांची गोष्ट मी पुढं बदलली. मंगळसूत्राऐवजी हे सांगायला लागलो की अण्णा स्वतः कोल्हापुरात जैन बोर्डिंगात होते, अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले, परत आल्यावर आंघोळ करून घ्या म्हटलं तर करणार नाही म्हणाले आणि त्यांना काढून टाकलं. बोर्डिंगातून काढलेल्या पोरानं पुढं बोर्डिंगं काढली म्हटल्यावर मागच्या रांगेनं माना वर केल्या. एकानं विचारलं, "सर, मग ते राहिले कुठं?" एवढा चांगला प्रश्न मला स्टाफ मीटिंगमध्ये कधी कुणी विचारला नाही.

तर तुम्ही जॉईन व्हाल तेव्हा चार्ज घेताना कोठीचं रजिस्टर ऑफिसात मागवू नका, कोठीत जाऊन काट्यापाशी उघडा. भाषण पाच मिनिटं. आणि टोल साखळीला वेल्डिंग करून घ्या, माझ्याकडनं ते राहिलंच, 2013 ला परत गेला होता.