उंछवृत्ती आणि अर्ध्या सोन्याचे मुंगूस

खानापूर तालुक्यातील एका वाचकांनी विचारले आहे : "आमच्या गावात मराठी कीर्तन होते तसे कन्नड हरिदासांचे भजनही होते. भजनवाले उंछवृत्ती म्हणजे पदे गात दारोदार तांदूळ मागणे, असा अर्थ सांगतात. धर्मराजाच्या यज्ञातील मुंगसाच्या आख्यानात मात्र बुवा हाच शब्द कुरुक्षेत्रातील एका गरीब ब्राह्मणाला लावतात. तो ब्राह्मण भिक्षेकरी होता काय?"

नव्हता. हरिदासी परंपरेत रूढ झालेला अर्थ त्या परंपरेपुरता खराच आहे, परंतु तो पुढच्या काळातला आहे. मूळ संस्कृतात उंछ म्हणजे पीक निघून गेल्यावर रानात सांडलेले दाणे एकेक करून टिपणे. गळालेली कणसे किंवा लोंब्या गोळा केल्या तर ते शिल. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात उपजीविकेचे प्रकार सांगताना उंछ आणि शिल यांना 'ऋत' म्हटले आहे, न मागता मिळालेल्याला 'अमृत', आणि मागून आणलेल्या भिक्षेला 'मृत'. म्हणजे ज्या दोन गोष्टी आज एका शब्दात मिसळल्या आहेत, त्या तेथे मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या आहेत. आपल्याकडे यासाठी 'सरवा' हा नेमका शब्द आहे. भाताची कापणी झाल्यावर शिवारात राहिलेल्या लोंब्या, किंवा भुईमूग उपटून नेल्यावर ढेकळांत अडकलेल्या शेंगा वेचणाऱ्या बायकांना कोणी भिक्षेकरी म्हणत नाही; त्या सरव्याला गेलेल्या असतात. कन्नडातही या वेचणीला 'हक्कलु' असा स्वतंत्र शब्द आहे.

आता आख्यान. ते महाभारताच्या आश्वमेधिकपर्वात आहे. युधिष्ठिराचा अश्वमेध पार पडून दानाची वाहवा चालू असताना निळ्या डोळ्यांचे, एका कुशीने सोन्याचे मुंगूस बिळातून बाहेर येते आणि म्हणते, "सक्तुप्रस्थेन वो नायं यज्ञस्तुल्यो नराधिपाः", राजेहो, तुमचा हा यज्ञ एका प्रस्थभर सातूच्या पिठाच्याही तोडीचा नाही. हे पीठ कोणाचे, तर कुरुक्षेत्रात राहणाऱ्या एका उंछवृत्ती ब्राह्मणाचे. दुष्काळात रानातच काही उरले नव्हते, त्यामुळे सरव्यालाही काही मिळेना. अशात मोठ्या कष्टाने प्रस्थभर जव हाती आले. त्यांचे पीठ करून ब्राह्मण, त्याची पत्नी, मुलगा आणि सून यांनी एकेक कुडव वाटून घेतले (चार कुडवांचा एक प्रस्थ, जशी आपल्या जुन्या शेराला चार चिपटी), आणि घास तोंडात घालणार तोच दारात अतिथी उभा राहिला. चौघांनीही आपापला वाटा त्याला दिला. अतिथी साक्षात धर्म होता.

येथे 'भिक्षा' असा अर्थ घेतला तर मुंगसाच्या बोलण्यातील धार जाते, असे मला वाटते. मागून आणलेले पुढे देणे ही चांगलीच गोष्ट, पण त्या पिठात दुसऱ्या कोणाच्या दातृत्वाचा वाटा असतो. सरव्याच्या दाण्यावर कोणाचे उपकार नसतात. राजाच्या दानामागे हिमालयातून खणून आणलेला मरुत्त राजाचा खजिना होता. या घराच्या दानामागे चौघांची भूक एवढेच होते.

मुंगसाचे सोने कशाने झाले, हेही मूळ शब्दांत पाहण्यासारखे आहे. पिठाचा वास, पाण्याचा ओलावा, स्वर्गातून पडलेली फुले अंगाखाली चुरडणे आणि 'दानलव', म्हणजे दानातून सांडलेले कण, अशी कारणे ते स्वतःच सांगते. अतिथीचे जेवण झाल्यावर जे सांडले त्यावर ते लोळले, म्हणजे तेही एका अर्थाने सरव्यालाच आले होते. उरलेले अर्धे अंग सोन्याचे व्हावे म्हणून ते यज्ञामागून यज्ञ पालथे घालत हिंडत राहिले.

स्वामी विवेकानंदांनी कर्मयोगावरील व्याख्यानांत ही गोष्ट सांगितली आहे. (१८९२ च्या ऑक्टोबरात ते बेळगावात आले होते; रिसालदार गल्लीतील ज्या भाट्यांच्या घरी ते उतरले, ते घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे.) त्यांच्या कथनात ते कुटुंब उपासाने मरते, महाभारतात मात्र ते विमानातून स्वर्गाला जाते. पण आख्यान सांगणारे बहुधा गाळतात तो भाग याहून महत्त्वाचा आहे. हे मुंगूस मुळात मूर्तिमंत क्रोध होते. जमदग्नींची परीक्षा पाहण्यासाठी त्याने श्राद्धासाठी ठेवलेले दूध नासवले. ऋषी रागावले नाहीत, परंतु पितरांच्या शापाने त्याला मुंगसाचा जन्म आला, आणि धर्माची निंदा केल्यावर सुटका होईल असा उःशाप मिळाला. युधिष्ठिर हा धर्माचाच पुत्र असल्यामुळे भर यज्ञात त्याला उणे बोलताच क्रोध शापमुक्त झाला. तेव्हा यज्ञाला कमी लेखणारी ती वाणी एखाद्या निर्विकार साक्षीदाराची नाही, तिच्यात बोलणाऱ्याचाही स्वार्थ आहे. मला हा शेवट सोयीस्कर बोधापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो, आणि बुवांनी तो गाळू नये.

लेखनापुरते सांगायचे तर, आख्यान मराठीत मांडताना 'उंछवृत्ती ब्राह्मण' असे लिहून पुढे एकदा 'सरवा वेचून जगणारा' अशी फोड करावी. हरिदासांच्या फेरीसाठी तोच शब्द वापरल्यास त्याला चूक ठरवण्याचे कारण नाही.