‘अनस्टॉपेबल’ म्हणजे ‘न थांबणारा’ का?

‘अनस्टॉपेबल’ या विशेषणासाठी ‘न थांबणारा’ असे लिहिले तर चालेल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते चालणार नाही, कारण ‘थांबणे’ आणि ‘थांबवणे’ यांतला भेद त्यात पुसला जातो. जो स्वतःहून थांबत नाही तो ‘नॉनस्टॉप’. ज्याला दुसरा कोणी थांबवू शकत नाही तो ‘अनस्टॉपेबल’. दिवसभर वाहणारा नळ न थांबणारा खरा, पण कोणी येऊन तोटी पिळली की संपले. धरण फुटून सुटलेल्या लोंढ्याला मात्र तोटीच नसते.

हे उदाहरण अगदीच मनाचे नाही. ‘स्टॉप’ या इंग्रजी क्रियापदाचा जुना अर्थ ‘भोक बुजवणे’ असा होता आणि बाटलीच्या बुचाला ‘स्टॉपर’ म्हणतात त्यात तो अजून टिकून आहे.

मराठीत सर्वांत जवळचा शब्द ‘अनिवार’. निवारण करता येत नाही ते अनिवार. पण आपण तो अनिवार ओढ, अनिवार मोह अशा मनाच्या आवेगांसाठीच राखून ठेवला आहे, त्यामुळे ‘अनिवार गोलंदाज’ कानाला खटकते. त्याचाच सख्खा भाऊ ‘अनिवार्य’. व्युत्पत्तीने तोही हाच अर्थ सांगतो, परंतु आज अर्जावर ‘स्वाक्षरी अनिवार्य’ असे वाचताना कोणाच्या डोळ्यांपुढे लोंढा येत नाही, सक्तीच येते. ‘दुर्निवार’ आणि ‘अप्रतिहत’ हे अर्थाने चोख असले तरी ग्रंथातून बाहेर क्वचितच पडतात. ‘बेफाम’ आणि ‘मोकाट’ यांत ताबा सुटल्याचा दोष डोकावतो, तर इंग्रजी शब्द बहुधा कौतुकाने वापरला जातो.

म्हणून विशेषणाला विशेषणच हवे हा आग्रह मी सोडून देतो. मध्यंतरानंतर एखादा संघ ‘अनस्टॉपेबल’ झाला, असे सांगायचे असेल तेव्हा ‘मध्यंतरानंतर तो संघ कोणाला आवरेना’ असे लिहावे. ‘हसू आवरेना’ म्हणताना आपण हेच रूप वापरतो, आणि आवरू पाहणाऱ्याची हतबलता त्या एका ‘आवरेना’त आपोआप येते. बातमीच्या मथळ्यात ‘रोखणार कोण?’ एवढेही पुरते.