रेकी शिकायला लागलास ना, मग आधी हे वाच

भावा, रेकीची (अंगावर हात ठेवून बरं वाटावं म्हणून करतात ती जपानी पद्धत) फर्स्ट लेव्हल झाली की सगळ्यांना वाटतं आता हात गरम व्हायला पाहिजेत, मुंग्या यायला पाहिजेत. ते सोड. हात ठेवताना मनात जो संकल्प धरायचा तो म्हणजे "याचं दुखणं मी घालवणारच" असा हट्ट नव्हे, तसा हट्ट धरला की आपलं सगळं लक्ष रिझल्टकडं जातं आणि समोरचा माणूस राहतो बाजूलाच. बसताना मनात एवढंच ठेव की याला जरा बरं वाटू दे, मग श्वासाकडं लक्ष, मन भरकटलं (भरकटणारच, उसाचं बिल आठवतंच) की परत हाताखाली आणायचं, न चिडता.

आणि दुरून संकल्प पाठवून हमखास गुण येतो असं कुणाला सांगू नकोस बाबा. अमेरिकेत 2006 साली बायपासच्या 1802 पेशंटांवरचा अभ्यास छापून आलाय, दुसऱ्यांनी अशीच दुरून केलेल्या प्रार्थनेनं फायदा दिसला नाही, उलट आपल्यासाठी प्रार्थना चाललीय हे ज्यांना पक्कं सांगितलेलं त्यांच्यात 59 टक्क्यांना कॉम्प्लिकेशन झालं, बाकीच्यांपेक्षा जास्तच. टेन्शन आलं असेल बिचाऱ्यांना, असं आपलं मला वाटतं. शेजारी बसून शांतपणे हात ठेवला की माणूस सैलावतो, डुलकी लागते, हे मात्र मी बघितलंय.

गोळ्या बंद करायला कुणालाच सांगायचं नाही, शुगरवाल्यांना तर अजिबात नाही, सांगलीत राहतोस, मिरजेत एवढी हॉस्पिटलं आहेत, तिकडं पाठव. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र करत बसलास तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हाय तो. सध्या घरातच कर, आईचे गुडघे वगैरे, फीचं नंतर बघू.