इन्शुरन्स नाही, उद्या काही झालं तर?

"मॅडम, इन्शुरन्स नाहीये, उद्या काही झालं तर?" हल्ली हे इतक्यांदा ऐकते की लिहायलाच बसले. माझ्याकडे समुपदेशनाला लोक येतात झोप लागत नाही, धडधडतं असं सांगत आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत तळाशी हे निघतं.

त्यातलेच एक दादा (ओळख बदललीय), पंचेचाळिशीतले, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. डोकं सारखं जड, पण बीपी कधी तपासलेलंच नाही. "तपासलं की निघणार, निघालं की अ‍ॅडमिट, मग दुकान विकायचं," एका दमात म्हणाले.

मी म्हटलं, "दुकान विकायच्या आधीचं सांगा. रात्री छातीत दुखलं, दवाखान्यात पोचलात, काउंटरवर काय विचारता?"

बराच वेळ गप्प. मग, "काही विचारत नाही मॅडम. वडिलांच्या आजारपणात आईने काकांपुढे हात पसरले, पाटल्या गेल्या, मी नववीत होतो, शेजारीच उभा."

गाठ इथे होती. पैशाची चिंता खरीच आहे, ती मी "पॉझिटिव्ह राहा" म्हणून उडवून लावत नाही. पण विचारणं म्हणजे भीक मागणं, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं बसलेलं की इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला साधी चौकशीसुद्धा केली नव्हती! माझं पहिल्यापासूनचं मत आहे, परिस्थितीइतकंच तिच्याबद्दल मनात धरलेलं असं एखादं वाक्य माणसाला पोखरतं, आणि ते एकदा सापडलं की माणूस हलतो.

"गिऱ्हाईक डिस्प्लेचा रेट विचारतं, ते भीक मागतं का?"

पहिल्यांदाच हसले.

मग रेशन कार्ड शोधायला सांगितलं. "आमचं पांढरं आहे, आम्हाला काय मिळणार?" बहुतेकांना हेच वाटतं. पण 1 जुलै 2024 पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना, म्हणजे राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना, पांढऱ्या कार्डालाही आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, कार्डच नसेल तर डोमिसाईलवर, म्हणजे रहिवासी दाखल्यावर. मात्र हॉस्पिटल योजनेच्या यादीतलं हवं आणि उपचारही यादीतला हवा, म्हणून घरात सगळे धडधाकट असतानाच जाऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. दादा गेले, बायकोला घेऊन गेले, आणि येऊन मलाच सगळं समजावून सांगितलं, तेव्हा फार बरं वाटलं.

त्यांच्या आई सत्तरीच्या पुढच्या, त्यांच्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड, सत्तरीपुढच्यांना मोफत उपचारांसाठी केंद्र सरकारचं, उत्पन्नाची अट नाही. धर्मादाय हॉस्पिटलात वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर 10 टक्के खाटा मोफत, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर आणखी 10 टक्के सवलतीत, तिथल्या समाजसेवकाला बिनधास्त विचारा. रोजच्या गोळ्या, साधी ओपीडी या सरकारी योजनांत येत नाही, त्यामुळे परवडत असेल तर पॉलिसी घ्याच, सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. आणि बीपी, शुगर असेल तर फॉर्मवर लपवू नका, नेमका क्लेम तिथेच अडकतो.

दादांचं बीपी वाढलेलंच निघालं, गोळी चालू आहे, दुकानही चालू आहे. तुमचं तपासायचं राहिलं असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन या, आणि यादीतलं हॉस्पिटल कुठलं ते घरात आणखी एकाला तरी सांगून ठेवा.